पुढच्या माणसासाठी दोन गोळ्या

"वाशीला जाऊन आलो," असं मी आजवर किती वेळा म्हटलं असेल! खरं पाहता मी वाशीला कधी गेलोच नव्हतो; मी मार्केटला जायचो. आमचं आलं कोरेगावाहून ट्रकात चढतं, घाऊक बाजारात उतरतं, आणि विक्री झाली की मी परतीच्या गाडीत. गेटाबाहेरचा रस्ता कुठं जातो, खाडी कुठल्या अंगाला आहे, यातलं मला काही ठाऊक नव्हतं. यंदा चैत्रात पहिल्यांदाच मी मालाशिवाय गेलो आणि चांगला मुक्काम करून आलो. पाहिलं त्यानं थक्क झालो, म्हणून लिहायला बसलो आहे. पण कशासाठी गेलो होतो ते लपवून लिहिलं तर काहीच लिहिलं नाही असं होईल.

मला परमा झाला होता.

माघात आल्याच्या बेण्यासाठी परगावी गेलो होतो. त्या मुक्कामात मी बायकोशी बेइमानी केली. त्या बाईबद्दल काही लिहिणार नाही. तिनं मला बोलावलं नव्हतं, मी गेलो होतो. घरी आल्यावर थोड्याच दिवसांत लघवीला आग, कपड्यांना पू. पन्नाशी ओलांडलेला, गावात भजनाला बसणारा, चारचौघांत कमी बोलणारा माणूस मी. कमी बोलण्याचा एक फायदा असतो; आपण काहीतरी दडवतोय असा संशय कुणाला येत नाही.

मार्केट

दिनकर माझा लहानपणचा जोडीदार. गावच्या तालमीत एकाच मातीत लोळलो. पुढं तो माथाडी कामगार म्हणून वाशीला आला आणि इथलाच झाला. पोती वाहून वाहून त्याची मान खांद्यात शिरली आहे, पण जिभेवर ओझ्याचा परिणाम नाही.

"काय वसंता, माल कुठाय?"

"नाही आणला."

"मग वहिनीनं हाकललं का? तरी म्हनलं, आज चेहरा वांग्यासारखा का पडलाय."

तो काम करतो त्या गाळ्यात देवाच्या तसबिरीखाली एक पत्र्याचा बिस्किटांचा डबा असतो. बाहेरच्या माणसाला वाटेल उदबत्त्या असतील. त्यात गोळ्या असतात. हमालानं दवाखाना गाठायचा म्हणजे दिवस मोडतो. म्हणून ज्याची जी गोळी उरेल ती त्यानं डब्यात टाकायची, ज्याला लागेल त्यानं घ्यायची. काय झालंय, असं विचारायचं नाही. आणि एक नियम: डबा रिकामा करायचा नाही. बरं वाटायला लागलं की थांबायचं, आणि पुढच्या माणसासाठी दोन गोळ्या ठेवायच्या. माठातलं पाणी आपण कितीही तहानलेलो असलो तरी तळापर्यंत पीत नाही, तसं. इतक्या माणसांच्या गर्दीत न दिसणाऱ्या माणसाची अशी काळजी! मला त्या डब्याचं कायम कौतुक वाटत आलं आहे.

फाल्गुनात मी त्यातूनच गोळ्या नेल्या होत्या. आग कमी झाली तसा थांबलो. काही खाल्ल्या, काही बायकोला दिल्या, आणि दोन, नियमाप्रमाणे, परत आणून डब्यात टाकल्या.

बायकोला दिल्या, हे वाक्य मी आता सहज लिहिलं. तिचं नाव इथं सुमन लिहितो. आपल्यामुळं तिलाही झालं असेल एवढं कळत होतं; सांगायची छाती नव्हती. म्हणून, "रक्तवाढीच्या आहेत, तुला हल्ली थकवा येतो," असं म्हणून गोळी तिच्या तळहातावर ठेवली आणि पाण्याचा तांब्या स्वतः आणून दिला. सुमन हसली. म्हणाली, "एवढ्या संसारात पहिल्यांदा पाणी घेऊन आलात." दुसऱ्या दिवशी तिनं हे शेजारच्या काकूंनाही सांगितलं.

पुढं माझा त्रास उलटला, पहिल्याहून वाढला. गावच्या मेडिकलमधून वेगळ्या गोळ्या आणल्या, मग आणखी वेगळ्या. काही उपयोग झाला नाही. सुमनच्या ओटीपोटात दुखायला लागलं होतं. म्हणून हा प्रवास.

दिनूला यातलं काही न सांगता मी त्याच्यामागून फळबाजारात गेलो. हापूसचा हंगाम होता. पेट्यांच्या भिंती, गवताचा आणि आंब्याचा मिळून एक दाट वास. त्या वासात माणूस क्षणभर स्वतःची भानगड विसरतो. दोन माणसांनी एका टॉवेलखाली हात घातले होते. बोटांनी बोटं दाबून भाव ठरत होता, आणि वर दोघांचे चेहरे कोरे. सगळ्या बाजारासमोर सौदा चाललाय आणि कुणाला पत्ता नाही! आमच्याकडं आल्याचा लिलाव ओरडून होतो. मी बघत राहिलो. दिनू म्हणाला, "काय बगतोस? तुला जमंल की. तू तर सगळा संसार टावेलाखाली केलास."

तो चेष्टा करत होता. मी टॉवेलावरची नजर काढून पुढं चालू लागलो.

दवाखाना

वाशीतले रस्ते आखून काढलेले, झाडं रांगेत, चौकांना सेक्टरांचे आकडे. गावात आपण "वडाच्या पलीकडं" म्हणून पत्ता सांगतो. इथं वड लाख असला तरी आकडाच विचारतात. तीन वेळा चुकलो. एका रिक्षावाल्यानं मोठ्यानं विचारलं, "कौनसा डॉक्टर, चाचा? काहेका?" मी "चामडीचा" म्हणालो आणि मुकाट्यानं बसलो.

बाकावर बसलेल्या सगळ्यांसमोर कंपाउंडरनं हाळी दिली, "लघवीवाले कोण? लघवीवाले, चला आत!" उठलो. त्या बाकापासून दारापर्यंतचं अंतर आमच्या घाटापेक्षा लांब होतं.

डॉक्टर बाई निघाल्या. माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाच्या असतील. मी पाय मागं घेतला तशा म्हणाल्या, "बसा हो. मला लाजलात तर जंतूलाच फायदा." मग हुंगून म्हणाल्या, "आल्याचा वास येतोय."

"हाताला असतो. शेतकरी आहे."

त्या वासानं धीर आला की काय, पण मी सगळं सांगितलं. आयुष्यात प्रथमच न थांबता बोललो. त्यांनी तपासलं, पुवाचा नमुना घेतला, आणि कमरेत एक इंजेक्शन दिलं.

"नमुना वाढवून बघू, कुठल्या औषधाला दाद देतो ते. दोन-तीन दिवस इथंच राहा. आणि मिसेसना बोलवून घ्या."

"तिच्या गोळ्या लिहून द्या. मी घरी देतो."

"काय सांगून?"

त्यांनी पेन खाली ठेवलं.

"आधी दिल्यात ना?"

"दिल्यात. थोड्या."

"थोड्या," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "बाईमाणसात हा पुष्कळदा गुपचूप राहतो. मग वर सरकतो, गर्भाशयात, नळ्यांत. त्यांचं पोट दुखतंय म्हणता. मी न बघितलेल्या बाईला तुमच्या हातून चोरून औषध देणार नाही. त्या येतील, त्यांना माहीत असेल, आणि मग मी तपासेन. तुम्ही नाही सांगितलंत तर त्यांना आजार राहील, तुम्हालाही परत होईल, आणि या वेळी आणखी पक्का."

निघताना शेजारच्या प्रयोगशाळेच्या काचेतून एक दृश्य दिसलं ते विसरणार नाही. एका मोठ्या बरणीत छोट्या चपट्या ताटल्या रचल्या होत्या, वर एक पेटती मेणबत्ती. माणसानं झाकण घट्ट लावलं. ज्योत बारीक झाली, निळी झाली, विझली. देवघरातल्यासारखा धूर आत फिरत राहिला.

"हे काय?" मी विचारलं.

"तुमचा पाहुणा," बाई म्हणाल्या. "फार लाडावलेला आहे. गार वारा लागला की मरतो, कोरडं पडलं की मरतो. जगात माणसाच्या शरीराखेरीज त्याला घर नाही. म्हणून त्याला रक्त घातलेलं अन्न, अंगाएवढी ऊब आणि अशी मेणबत्तीनं जड केलेली हवा द्यायची. तेव्हा कुठं वाढतो."

वाऱ्यानं मरणारा जीव! आणि त्यानं तीन तऱ्हांच्या गोळ्या पचवल्या होत्या.

बोनकोडे

दिनूची खोली कोपरखैरण्याला. त्याच्या मागंच बोनकोडे, जुनं गाव. चहूबाजूंनी इमारती उभ्या आणि मधे बोळ, ओटे, दारात वाळत घातलेले बोंबील. शहर गावाला गिळायला आलं आणि घशात अडकलं, असं वाटतं. ओट्यावरच्या एका म्हाताऱ्याला सहज विचारलं, "पूर्वी इथं काय होतं?" तो म्हणाला, "पूर्वी? आमीच व्हतो. आजून हाव."

दिनूच्या बायकोनं, कमलवहिनीनं, ज्वारीची भाकरी आणि खर्डा केला होता. परमुलखात गावचं ताट. घास घेतो तोच सुमनचा फोन.

"कधी येताय?"

"दोन दिवस लागतील. पैसे द्यायचा तो व्यापारी भेटला नाही."

"बरं. येताना त्या रक्तवाढीच्या गोळ्या आणा की. त्या चालू होत्या तवा बरं वाटत होतं. आता परत दुखाय लागलंय."

"आणतो," म्हणालो. भाकरी तोंडात फिरत राहिली. वहिनी म्हणाल्या, "खर्डा तिखट झाला का, भावजी? डोळ्यांतनं पाणी काढलंत." मी हो म्हणालो. खर्डा अळणी होता.

उरण

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात काही काम नव्हतं. दिनूसमोर बसवेना, म्हणून उरणला निघून गेलो. एकीकडं बंदर: माल उचलणाऱ्या राक्षसी याऱ्या, रंगीत कंटेनरांचे डोंगर, एका एका पेटीत आमचं अख्खं गोदाम मावेल असे. माझं आलंही अशाच कुठल्या पेटीतून समुद्रापलीकडं जात असेल. जे जे जातं, त्याच्याबरोबर न दिसणारं काय काय जात असेल! दुसरीकडं मिठागरं आणि खाडीचा चिखल, कालपरवाचा असावा असा ओला.

एका खानावळीत तांदळाची भाकरी आणि रस्सा घेतला. आम्ही घाटावरचे; मासा म्हणजे नदीचा, तोही पाहुणे आले तर. ताटातले मासे बोटाएवढे, डोळे डोक्यावर.

"हे काय, मावशी?"

"निवट्या हान, दादा. कदी नाय बगलंस? जा, बाहेर चिखलान बग. चालतान."

"मासे चालतात?"

"चालतान, उड्या मारतान, बिलान र्‍हतान. पानी गेलं म्हनून मरत नाय बसत ती. तू घाटावरचा वाटतं. पोट भर, मंग बग."

ती हसत होती. बाहेर येऊन पाहिलं तर खरंच. ओहोटीच्या चिखलावर मासे परांच्या कोपरांवर रेटत चालले होते, एकमेकांवर टुणकन उड्या मारत होते. पाणी हे ज्याचं आयुष्य, तो पाण्याबाहेर संसार मांडून बसलेला. मी उन्हात कितीतरी वेळ उभा होतो. जगायचं म्हटलं की जीव काय काय शिकतो! आणि मी इतक्या वयाचा होऊन एक वाक्य बोलायला शिकलो नव्हतो.

ताटली

निकालाच्या दिवशी बाईंनी मला प्रयोगशाळेच्या दारापाशी उभं केलं आणि झाकण न काढता एक ताटली उजेडात धरली.

चॉकलेटी रंगाची, गुळगुळीत. तिच्यावर करड्या दवासारखा थर. त्यात कागदाच्या पांढऱ्या टिकल्या ठेवलेल्या, एकेका टिकलीत एकेक औषध.

"औषध लागू पडलं तर टिकलीभोवती मोकळं रिंगण दिसतं," त्या म्हणाल्या. "आता बघा."

पहिली टिकली. थर तिच्या काठापर्यंत आलेला, रिंगण नाही.

"डब्यातली," बाई म्हणाल्या. मी त्यांना डब्याचं सांगितलं होतं, गोळ्यांची रिकामी पाकिटंही दाखवली होती. दुसरी टिकली, तशीच. "गावच्या मेडिकलमधली." तिसरीभोवती एक केविलवाणी रेघ. "यानं थोडा विचार केला आणि सोडून दिलं."

माझ्या अंगावर काटा आला. किळसेचा नव्हे, देवळातल्या गाभाऱ्यात अंधारात येतो तसा. त्या टिकल्या मी गिळल्या होत्या. आणि हा, जो वाऱ्यानं मरतो, तो त्यांच्या अंगाला अंग लावून निजला होता.

"हे शिकतो कुठं?"

"काही अर्धवट औषधानं. लेचेपेचे मरतात, दणकट उरतात, पुढची सगळी वीण त्यांची. काही उसनं घेतो. आपल्या घशात याचे साधे, निरुपद्रवी भाऊबंद असतात. आपण सर्दी-खोकल्याला उगाच घेतलेली औषधं त्यांनी बघितलेली असतात. याचा मुक्काम घशात पडला की त्यांच्याकडून युक्ती उचलतो."

मग त्यांनी ताटली फिरवली. एका टिकलीभोवती मोठं, स्वच्छ, गोल रिंगण होतं. खळं पडलेल्या चंद्रासारखं.

"हे तुमचं इंजेक्शन. अजून चालतंय. याच्या पलीकडं सहज हाताशी असं माझ्याकडं फारसं काही नाही. आणि काही ठिकाणी यालाही तो जुमानेनासा झालाय." ताटली खाली ठेवून त्यांनी विचारलं, "मिसेस कधी येतायत?"

त्या एवढ्याशा रिंगणात सुमन उभी आहे असं मला दिसलं. रिंगण आज आहे. पुढं किती दिवस राहील, कुणाला माहीत? दवाखान्याच्या पायरीवरूनच फोन लावला. "उद्याच्या एसटीनं ये. मला नाही, आपल्या दोघांना डॉक्टरला दाखवायचंय. आल्यावर सगळं सांगतो."

ती एवढंच म्हणाली, "येते."

तिथून सरळ गाळ्यावर गेलो आणि दिनूला सगळं सांगितलं. त्याचा चहा हातातच राहिला.

"म्हंजे ह्या डब्यानं..."

"डब्यानंच असं नाही. पण डब्यानंही."

"अरे, पुण्य म्हणून ठेवलाय तो!" तो चिडला. मग तसबिरीकडं बघत बसला. तालमीत अंग कमावलेला माणूस. त्याला त्याच्या भाषेत कळलं. "म्हंजे वसंता, आमी त्याला रोज कच्चं पोरगं जोडीला देत गेलो. अर्ध्यात कुस्ती सोडवायची, परत दुसरं पोरगं. लेका, आमीच त्याला पैलवान केला की!"

त्यानं डबा उचलून माझ्या हातात दिला. "बाईंना दे, काय करायचं ते करू देत. उद्या सगळ्यांना मी सांगतो. पन तुझं नाव घेनार नाय."

"घे," मी म्हणालो. "नाव घेतलंस तर ऐकतील."

खाडीकाठ

सुमन आली. दवाखान्याला वेळ होता, म्हणून खाडीच्या कट्ट्यावर गेलो. भरती उतरत होती. दूर चिखलावर गुलाबी पट्टा दिसला. मला वाटलं कसलं कापड वाळत घातलंय. मग पट्टा हलला. फ्लेमिंगो. हजारांनी, माना खाली घालून, चिखल गाळत.

"अगं बाई!" सुमन म्हणाली. "हे दाखवायला बोलावलंत व्हय?"

तिचा तो आनंदाचा चेहरा बघून वाटलं, आज नको. तेवढ्यात ती ओटीपोटावर हात दाबून खाली बसली. मग मी सांगितलं. माघातलं सांगितलं. आजाराचं सांगितलं. गोळ्यांचं सगळ्यात शेवटी सांगितलं.

ती पक्ष्यांकडं बघत होती.

"त्या रक्तवाढीच्या नव्हत्या?"

"नाही."

"आणि तांब्या?"

तिनं उत्तराची वाट पाहिली नाही.

"बाहेर गेलात ते एक," ती म्हणाली. "त्याचं मी काय करायचं ते बघीन. घर सोडीन न्हाईतर राहीन. पण मी ती गोळी देवाच्या तीर्थासारखी घेतली हो. काकूंना सांगितलं. साऱ्या गल्लीला कवतिक सांगत फिरले मी." मग पदर खोचून उठली. "कुठाय तुमचा दवाखाना? आत मी एकटी जाणार. तुम्ही बाहेर बसा."

मी बाहेर बसलो. कट्ट्यावरून निघताना थवा उठला तेव्हा पंखांच्या आतला लाल-काळा रंग आकाशभर पसरला होता, तो डोळ्यांसमोरून जाईना. इतकं सुंदर काही आपल्याला त्या दिवशी का दिसावं, याचा मला अजून उलगडा झालेला नाही.

दार उघडलं. सुमन आली ती कंबर दाबून धरून.

"मला पण इंजेक्शन दिलं. आणि पोटात वर गेलंय म्हणून गोळ्यांचा कोर्स. सगळा संपवायचा, एक पण ठेवायची नाही." ती माझ्याकडं न बघता बोलत होती. "माझी पण ताटली करणार आहेत. ती मी बघणार. तुम्ही नाही."

पुन्हा वाशी

काही आठवड्यांनी फेरतपासणीला दोघं गेलो. ताटल्या तशाच चॉकलेटी, पण कोऱ्या. नुकत्याच सारवलेल्या अंगणासारख्या. सुमननं आपली ताटली स्वतः उजेडात धरून तिरकी करून पाहिली, आणि बाईंना विचारलं, "काहीच नाही?"

"काहीच नाही."

परतताना मार्केटात डोकावलो. तसबिरीखाली डब्याची जागा रिकामी होती. गोल डाग तेवढा राहिलाय. दिनू म्हणाला, आता कुणी आजारी पडलं की त्याची पोती बाकीचे वाटून घेतात आणि त्याला दवाखान्यात पिटाळतात. "शिव्या घालत जातात, पन जातात."

सुमन घरीच आहे. माफ केलं असं ती म्हणालेली नाही आणि मी विचारलेलं नाही. हे सगळं तिला वाचून दाखवलं. "लिहा," म्हणाली, "पण माझं खरं नाव नको. आणि तांब्याचं गाळू नका."

काल दुपारी तिचं डोकं चढलं होतं. मी गोळी आणि पाणी घेऊन गेलो. तिनं तळहात पुढं केला नाही.

"वाचा," म्हणाली.

मी पाकिटावरचं नाव वाचलं. कशासाठी आहे ते वाचलं. मुदत वाचली. तिनं पाकीट हातात घेऊन स्वतः उलटसुलट बघितलं, मग गोळी सोलून घेतली, आणि तांब्यासाठी हात पुढं केला.